भुंगेऱ्याचा आवाज गिळणारा लॅपटॉप : संशोधनासाठी यूएसबी साउंड कार्ड कसं निवडावं?

गेल्या मार्चमधली गोष्ट. वाशीम तालुक्यातल्या आमच्या गावी, काकांच्या घरातल्या मागच्या खोलीत मी प्लास्टिकच्या सहा बरण्या मांडल्या होत्या. तीन बरण्यांत चांगली तूर, तीन बरण्यांत भुंगेरा लागलेली. प्रत्येक बरणीला बाहेरून एक पायझो चकती चिकटवलेली आणि तिची वायर थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमध्ये. पंखा बंद, दार बंद, मी घामाघूम. काकांनी दारातून डोकावून विचारलं, "काहून रे बाप्पा, तुरीले कान लावून बसला?"

प्रश्न बरोबरच होता. मी तेच करत होतो. भुंगेऱ्याची मादी तुरीच्या दाण्यावर अंडं चिकटवते. अळी त्यातून थेट दाण्यात शिरते आणि आतच खात वाढते. बाहेरून दाणा चांगला दिसतो. गोल भोक दिसतं तेव्हा आतला भुंगेरा बाहेर पडलेला असतो, म्हणजे नुकसान होऊन गेलेलं असतं. अळी दाणा कुरतडते तेव्हा फार बारीक, काही मिलिसेकंदांचे 'टिक' आवाज होतात. ते पकडून दाणा न फोडताच कीड ओळखता येईल का, हा माझ्या संशोधनाचा एक भाग आहे.

तीन आठवडे रोज रेकॉर्डिंग केलं. आलेख काढले. चांगली तूर आणि किडकी तूर, दोन्हींचे आलेख सारखेच सपाट. मी मनाशी ठरवलं की आवाज इतका कमी आहे की तो पकडताच येत नाही, आणि प्रगती अहवालात तसं लिहिलंही. सरांनी वाचलं आणि एकच वाक्य बोलले, "आवाज नाही असं म्हणतोस, पण तुझं यंत्र ऐकतं हे आधी दाखव."

त्या रात्री मी मनगटावरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ काढून पायझो चकतीवर ठेवलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिले काही सेकंद टिक-टिक स्वच्छ आली. मग ती हळूहळू बारीक होत गेली आणि संपली. घड्याळ चालूच होतं. लॅपटॉपने ठरवलं होतं की ही टिक-टिक म्हणजे नको असलेला गोंगाट आहे, म्हणून तो पुसून टाकला. ऑनलाइन मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज दाबायला जी सोय असते, तीच माझी अळी गिळत होती.

तोपर्यंत महिना उलटत आला होता. बरण्यांतले भुंगेरे बाहेर पडले, दाण्यांना भोकं पडली, एक अख्खी पिढी संपली. माझ्याकडे त्या पिढीचा एकही उपयोगी आवाज नव्हता. सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे सरांनी विचारलं नसतं, तर 'आवाज पकडता येत नाही' हा खोटा निष्कर्ष माझ्या प्रबंधात गेला असता.

म्हणून हा लेख. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेटची तयारी करताय, काहींचा विषयही ठरलाय. आवाज, कंपन किंवा कुठलाही बदलता विद्युत संकेत लॅपटॉपवर घेणार असाल, तर साउंड कार्ड हे तुमचं मोजमापाचं यंत्र आहे. ते गाणी ऐकण्याच्या वस्तूसारखं नाही, व्होल्टमीटरसारखं निवडायचं.

साउंड कार्ड नेमकं करतं काय?

मायक्रोफोन किंवा सेन्सरमधून येतो तो बदलता व्होल्टेज. कार्डातला पहिला टप्पा, म्हणजे प्रीअॅम्प, तो मोठा करतो. दुसरा टप्पा, एडीसी, ठरावीक वेळाने त्याचं माप घेऊन आकडा लिहितो. तिसरा टप्पा ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपला देतो.

लॅपटॉपच्या आतही हे तिन्ही टप्पे असतातच. मग बाहेरचं कार्ड कशाला? कारणं तीन. एक, आजकाल बहुतेक लॅपटॉपना एकच जॅक असतो आणि त्यातला माइकचा मार्ग एकाच चॅनेलचा असतो. दोन, तो मार्ग माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे गोंगाट दाबणं आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणं हे त्यात मुरलेलं असतं. तीन, प्रोसेसर, पंखा आणि वीजपुरवठा यांच्या शेजारीच तो बसलेला असल्याने त्यांची विद्युत खरखर त्यात शिरते.

एक गोष्ट लगेच करून बघा. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये तुमच्या माइकचं पान उघडा आणि 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद करा. काहींचं काम एवढ्यावरच भागतं. माझं भागलं नाही, कारण लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर त्याच्याही वर बसलेलं होतं.

आधी संकेत, मग कार्ड

'कोणतं कार्ड चांगलं?' हा प्रश्न मीही दुकानात जाऊन विचारला होता. त्याला उत्तर नाही. आधी आपला संकेत कसा आहे ते कागदावर लिहायचं. काही उदाहरणं बघा.

वऱ्हाडी बोलीच्या मुलाखती घेणार असाल, तर सेकंदाला ४८,००० नमुने आणि १६ किंवा २४ बिट पुष्कळ झाले. इथे पैसे कार्डावर कमी आणि माइकवर जास्त घाला.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या भागात पक्ष्यांचे किंवा पावसाळ्यात बेडकांचे आवाज घेणार असाल, तर लॅपटॉप आणि कार्ड घेऊन चिखलात जाऊच नका. बॅटरीवर चालणारा हातातला रेकॉर्डर घ्या. कार्डाची गरज नाही हेही उत्तर असू शकतं.

वटवाघळांवर काम असेल तर गणित बदलतं. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच संकेत नीट पकडता येतो, हा नायक्विस्टचा नियम तुम्ही शिकला आहातच. ४८,००० नमुन्यांत २४ किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येईल. अनेक वटवाघळं ४०-५० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतात, काही १०० च्याही वर. म्हणजे किमान १,९२,००० नमुने हवेत, आणि तेवढं ऐकणारा माइकही हवा. खोक्यावर १९२ लिहिलं म्हणून साधा माइक काही अल्ट्रासोनिक होत नाही.

भौतिकशास्त्राचे प्रयोग, म्हणजे आवाजाचा वेग किंवा एखाद्या फिल्टर सर्किटचा प्रतिसाद, साउंड कार्डावर छान होतात. पण एक लक्षात ठेवा. साउंड कार्डाच्या इनपुटला साधारणपणे कपॅसिटर असतो, त्यामुळे स्थिर व्होल्टेज त्यातून जातच नाही. थर्मोकपल किंवा हळूहळू बदलणारा सेन्सर यावर मोजता येणार नाही. आणि घरच्या विजेच्या मेन्सशी जोडलेलं कुठलंही सर्किट थेट कार्डाला लावायचं नाही. कार्ड जाईल, लॅपटॉप जाईल, आणि जीवही जाऊ शकतो.

माझी दुसरी चूक : इम्पिडन्स

लॅपटॉपच्या जॅकवरचा विश्वास उडाल्यावर मी काही शे रुपयांचं, पेन ड्राइव्हएवढं यूएसबी कार्ड घेतलं. अशा बऱ्याच स्वस्त कार्डांत सी-मीडियाची सीएम१०८ जातीची चिप असते. माइकचं एकच चॅनेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. चिप वाईट नाही. पण तिच्यातही आवाज आपोआप कमी-जास्त करणारा 'ऑटो गेन कंट्रोल' असतो. लिनक्सवर अल्सामिक्सर उघडलं की त्याचं बटण दिसतं, तिथे मी तो बंद केला.

आता घड्याळाची टिक-टिक टिकून राहिली, पण तिचा आवाज पत्र्यावर वाळू पडल्यासारखा कोरडा. खालच्या वारंवारता गायबच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं गणित आठवलं.

पायझो चकती म्हणजे विद्युतदृष्ट्या एक कपॅसिटर. २७ मिलिमीटरची साधी चकती, जी बझरमध्ये असते, ती सुमारे २० नॅनोफॅरड भरते. स्वस्त कार्डाच्या माइक इनपुटचा रोध साधारण २ किलोओहम असतो, कारण तो लहान इलेक्ट्रेट माइकसाठी बनवलेला आहे. कपॅसिटर आणि रोध जोडले की हाय-पास फिल्टर तयार होतो. त्याची सीमा म्हणजे १ भागिले २πआरसी. आकडे घाला, उत्तर येतं सुमारे ४,००० हर्ट्झ. म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं मी स्वतःच्या हाताने कापत होतो. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावा, सीमा येते सुमारे ८ हर्ट्झ. सेन्सर तोच, कीड तीच, पण एका रोधामुळे ५०० पटींचा फरक.

त्यामुळे कार्ड निवडताना इनपुटचा प्रकार हा पहिला मुद्दा आहे. ते मुख्यतः चार प्रकारचे असतात.

माइक इनपुट, इलेक्ट्रेटसाठी : लहान गोल जॅक. त्यातून माइकला २ ते ५ व्होल्टचा पुरवठाही मिळतो.

माइक इनपुट, एक्सएलआर : तीन पिनांचा. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर यातून मिळतो.

लाइन इनपुट : आधीच मोठा केलेला संकेत घेण्यासाठी. यात थेट माइक लावला तर जवळपास काहीच ऐकू येणार नाही. बेहरिंगर यूसीए२०२ हे असं कार्ड आहे. दोन चॅनेल, पण माइकचा प्रीअॅम्प नाही.

इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड इनपुट : मुळात गिटारसाठी. रोध १ मेगाओहमच्या आसपास. पायझो चकतीला हेच लागतं.

मला शेवटी हाय-झेड इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागला. बेहरिंगर यूएम२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, फोकसराइट स्कार्लेट २आय२ या प्रकारची यंत्रं गाणी रेकॉर्ड करणारे लोक वापरतात आणि ती आपल्याकडे सहज मिळतात. यातल्या यूएम२ ची मर्यादा ४८ किलोहर्ट्झ आहे, बाकी दोन २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातात. ही काही जाहिरात नाही. तुमच्या संकेताला जे इनपुट हवं ते ज्यात असेल ते घ्या.

एवढे पैसे नसतील तरी अडू नका. टीएल०७२ सारखा ऑप-अॅम्प, १ मेगाओहमचा रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी यांचा बफर चकतीजवळच बसवला, तर साधं लाइन इनपुटही चालतं. हा सगळा मामला शंभर-दीडशे रुपयांत होतो आणि एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झालेला कुणीही तासाभरात जोडून देतो.

खोक्यावरचे आकडे किती मनावर घ्यायचे?

बिट : १६ बिटमध्ये तत्त्वतः सुमारे ९६ डेसिबलची रेंज मिळते, २४ बिटमध्ये १४४. प्रत्यक्षात कुठलंच कार्ड १४४ देत नाही, कारण खालचे बिट सर्किटच्या खरखरीतच बुडतात. तरी २४ बिट घ्या. फायदा असा की गेन थोडा कमी ठेवता येतो आणि अचानक मोठा आवाज आला तरी संकेताचा माथा कापला जात नाही.

प्रीअॅम्पची खरखर : माहितीपत्रकात 'ईआयएन' शोधा. उणे १२५ ते उणे १३० डीबीयू हा चांगला आकडा. हा आकडा दिलेलाच नसेल, तर त्या कार्डावर बारीक आवाज मोजण्याची अपेक्षा ठेवू नका.

चॅनेल : दोन सेन्सरच्या वेळेतला फरक मोजायचा असेल, तर दोन चॅनेलचं एकच कार्ड घ्या. एक-एक चॅनेलची दोन कार्डं घेऊ नका. प्रत्येक कार्डाचं आतलं घड्याळ वेगळं असतं. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. आवाज हवेत तेवढ्या वेळात साठेक मीटर जातो.

ड्रायव्हर : 'क्लास कम्प्लायंट' असं लिहिलेलं बघा. म्हणजे कंपनीच्या सीडीशिवाय विंडोज, लिनक्स सगळीकडे चालेल. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. प्रबंध चार-पाच वर्षं चालतो. कंपनीने ड्रायव्हर देणं बंद केलं तर काय, हा विचार आजच करा.

साठवण : हा मुद्दा सगळे विसरतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल म्हणजे तासाला सुमारे ३४६ एमबी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट केलं की एकाच चॅनेलला तासाला १ जीबीच्या वर. गरजेपेक्षा मोठा दर निवडला तर हार्ड डिस्कच भरते, ज्ञान वाढत नाही. आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवा. एमपी३ माणसाच्या कानाला जे कळत नाही ते फेकून देतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असू शकतं.

परत करण्याची मुदत संपायच्या आत करायच्या चार चाचण्या

कार्ड अमरावतीहून आणा, अकोल्याहून आणा की ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्या आणि पहिल्याच दिवशी या चाचण्या करा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

१. शांततेची चाचणी. सेन्सर जोडा, आवाज काहीच नको, गेन नेहमीएवढा. एक मिनिट रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम काढा. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० वर, टोकं दिसली तर ती विजेच्या लाइनची आहेत. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बहुतेकदा ती खाली येतात. १,००० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत टोकं दिसली, तर ती यूएसबीची असण्याची शक्यता जास्त, कारण यूएसबी दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवतं. दुसरा पोर्ट, आखूड केबल, हब काढून टाकणं, असं करून बघा. इतकं करूनही गेली नाहीत तर कार्ड परत करा.

२. घड्याळाची चाचणी. क्वार्ट्झ घड्याळ सेन्सरवर ठेवून दहा मिनिटं रेकॉर्डिंग. पहिली टिक आणि शेवटची टिक सारख्याच उंचीच्या हव्यात. उंची घटली तर कुठेतरी गोंगाट दाबणारं सॉफ्टवेअर बसलंय.

३. निम्म्याची चाचणी. कार्डाचं आउटपुट केबलने त्याच्याच लाइन इनपुटला जोडा. १ किलोहर्ट्झचा स्वर वाजवा, मग तोच स्वर निम्म्या उंचीचा. रेकॉर्डिंगमध्ये बरोबर ६ डेसिबलची घट दिसली पाहिजे. कमी दिसली तर ऑटो गेन चालू आहे. याच जोडणीत २, ३, ४ किलोहर्ट्झवर टोकं उगवली तर ती कार्डाने स्वतःच्या पदरची घातलेली भर आहे.

४. तासाभराची चाचणी. पुन्हा घड्याळ, पण पूर्ण एक तास. ४८ किलोहर्ट्झला तासात १७ कोटी २८ लाख नमुने यायला हवेत. मध्येच लॅपटॉप अडखळला तर काही नमुने गळतात, आणि फाइल बघून ते कळत नाही. घड्याळाच्या दोन टिकांमधलं अंतर एखाद्या ठिकाणी एक सेकंदापेक्षा कमी भरलं, की समजायचं इथे गळती झाली.

आणखी एक सापळा आहे. ऑडॅसिटीत ९६,००० निवडलं म्हणून कार्ड ९६,००० वर चालतंच असं नाही. विंडोज मधल्या मध्ये ४८,००० चे आकडे फुगवून ९६,००० करून देऊ शकतं. किल्ल्यांचा जुडगा सेन्सरजवळ वाजवा आणि स्पेक्ट्रम बघा. २४ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखा तुटत असेल, तर वरचा सगळा भाग पोकळ आहे.

कार्ड आल्यानंतर

गेनचं बटण एकदा ठरवा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. खरंच लावा. कार्डातून येणारे आकडे उणे १ ते अधिक १ च्या मधले असतात, ते व्होल्ट नसतात. बटण जरासं हललं की कालच्या आणि आजच्या रेकॉर्डिंगची तुलना संपली. दर दिवशी सुरुवातीला अर्धा मिनिट घड्याळाची टिक-टिक घ्यायची आणि ती त्याच फाइलमध्ये ठेवायची. तोच तुमचा रोजचा पुरावा की त्या दिवशी यंत्र ऐकत होतं. वहीत कार्डाचं नाव, गेन, नमुन्यांचा दर, चार्जर लावलेला होता की नाही, हे सगळं लिहा. आमच्याकडे लोडशेडिंग असतं तेव्हा मी मुद्दाम रेकॉर्डिंग करतो. शेजारचे पंप आणि घरातला फ्रीज, दोन्ही बंद असतात.

पुढच्या पिढीच्या वेळी मी त्याच सहा बरण्या पुन्हा मांडल्या. या वेळी किडक्या तुरीच्या फाइलमध्ये बारीक, अनियमित टिका दिसल्या. त्या अळीच्याच आहेत, बरणीच्या तापण्या-निवण्याच्या नाहीत, हे दाखवायचं काम अजून चालू आहे. पण तो प्रश्न आता खरा प्रश्न आहे. काकांना हेडफोन दिला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "अबे, हे तं खरंच कुरतडून रायलं!" मग उठून त्यांनी कोपऱ्यातलं पोतं उन्हात काढलं.

तुम्ही कार्ड घ्यायला निघण्याआधी एका कागदावर चारच ओळी लिहा. माझा संकेत किती हर्ट्झपर्यंत जातो, तो किती बारीक आहे, माझ्या सेन्सरला किती रोधाचं इनपुट हवं, आणि चॅनेल किती. या चार ओळी लिहिता येत नसतील, तर दुकानात जाऊ नका. त्या आधी सरांकडे किंवा एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राकडे जा. आणि मनगटावरचं घड्याळ सोबत असू द्या.